आंब्यावरील जिवाणूजन्य काळे ठिपके: ओळख, बागेची स्वच्छता, फवारणीचा क्रम आणि जातींची निवड

आंब्याच्या पानांवर काळे ठिपके दिसले की बहुतेक ठिकाणी त्याला सरसकट ‘करपा’ हा बुरशीजन्य रोग म्हटले जाते. मग दुकानातून बुरशीनाशक आणले जाते, पंधरा दिवसांनी ठिपके वाढलेले दिसतात आणि दुसरे, अधिक महागडे बुरशीनाशक येते. ठिपके जिवाणूंमुळे पडलेले असतील तर या खर्चाचा काहीही उपयोग होत नाही, कारण जिवाणूला बुरशीनाशक लागू पडत नाही. अपवाद फक्त तांबेयुक्त औषधांचा, आणि तीही योग्य वेळी मारली तरच उपयोगी पडतात. या रोगाला अनेक जण कँकर म्हणतात. त्याचा बंदोबस्त आधी निदान, मग कोरड्या हवेत स्वच्छता, मग पावसापूर्वी संरक्षण आणि शेवटी जातींचा विचार, याच क्रमाने करावा लागतो. प्रत्यक्षात हा क्रम बरोबर उलटा होतो, म्हणून पुढील टप्पे सविस्तर दिले आहेत.

रोग कसा पसरतो, एवढे आधी लक्षात घ्यावे

या रोगाचा जिवाणू झँथोमोनास गटातला आहे. तो पानांवरील आणि फांद्यांवरील जुन्या ठिपक्यांत, तसेच कळ्यांवर टिकून राहतो. पाऊस पडला की ओल्या ठिपक्यांतून तो बाहेर येतो आणि वाऱ्याने उडणाऱ्या थेंबांबरोबर शेजारच्या पानांवर, कोवळ्या फांद्यांवर आणि कैऱ्यांवर जाऊन पडतो. आत शिरायला त्याला पर्णरंध्रे, फळाच्या सालीवरील सूक्ष्म छिद्रे किंवा फांदी घासून, गारांचा मार लागून वा कीड चावून झालेली जखम पुरते. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि सतत ओली पाने ही त्याला सर्वाधिक मानवणारी स्थिती आहे. लांब अंतरावर मात्र तो वाऱ्याने फारसा जात नाही; नव्या बागेत तो बहुधा रोगट कलमांबरोबर माणसाच्या हातानेच पोहोचतो.

यातून दोन गोष्टी निघतात. वारा आणि पाऊस एकत्र येण्यापूर्वीचे दिवस कामाचे आहेत, पाऊस सुरू झाल्यानंतरचे नाहीत. आणि बागेत आधीच असलेले रोगट पान व फांदी हाच पुढच्या हंगामातील रोगाचा साठा असतो.

टप्पा १ : निदान पक्के करणे

निदानासाठी सकाळी, दव सुकल्यानंतर बागेत जावे आणि झाडाच्या चारही बाजूंची, विशेषतः वाऱ्याच्या बाजूची पाने हातात घेऊन पाहावीत. पान आकाशाकडे धरून उजेडात पाहिले तर जिवाणूचा नवा ठिपका तेल लागल्यासारखा पाणीदार दिसतो. तो शिरांच्या मध्ये अडकलेला असल्याने कोनाकृती असतो, म्हणजे त्याच्या कडा गोल नसून शिरांच्या रेषेत कापल्यासारख्या सरळ असतात. काही दिवसांत तो गडद तपकिरी ते काळा होतो आणि पानाच्या पृष्ठभागापेक्षा किंचित उंच येतो. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवले तर खरखर जाणवते. बहुतेक वेळा भोवती पिवळी कडा असते. जुने ठिपके महिन्यांनंतर सुकून राखाडी पडतात, आणि रोग फार असेल तर पाने पिवळी पडून गळतात.

फळावर सुरुवातीला सालीच्या छिद्रांभोवती लहान पाणीदार ठिपके येतात. पुढे ते काळे व उंच होतात आणि मध्ये चांदणीसारखी चीर पडून तिच्यातून डिंक झिरपतो. पावसाचे पाणी देठाकडून खाली ओघळते, त्या वाटेने ठिपक्यांची रेघ दिसली तर हे लक्षण विशेष बोलके समजावे. कोवळ्या फांद्यांवर काळे, लांबट, उभे तडकलेले चट्टे येतात आणि त्यांतूनही डिंक येतो.

करप्याचे ठिपके शिरांची मर्यादा मानत नाहीत. ते अनियमित आकाराचे, सपाट किंवा खोलगट असतात, बऱ्याचदा एकत्र मिळतात आणि सुकल्यावर पानाला भोके पाडतात. फळावर करप्याचे डाग बहुतेक वेळा फळ पिकायला लागल्यावर दिसतात आणि ते काळे व आत दबलेले असतात. पानावर नारिंगी, मखमली लव असलेले ठिपके असतील तर ते शैवालाचे आहेत. फळावर चीक ओघळल्याचा डाग पडला असेल तर तो रोग नव्हे. तांबेयुक्त औषधाने कोवळ्या पानांवर भाजल्यासारखे तपकिरी डागही पडतात. फवारणीनंतर दोन-चार दिवसांत सर्व झाडांवर एकाच वेळी असे डाग दिसले तर आधी त्या फवारणीवर संशय घ्यावा.

शंका उरल्यास पाच-सहा नवीन, पाणीदार ठिपके असलेली पाने कागदात गुंडाळून त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात न्यावीत. ठिपक्याच्या कडेचा पातळ काप स्वच्छ पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर जिवाणूजन्य रोगात काप केलेल्या कडेतून दुधाळ प्रवाह बाहेर येताना दिसतो. ही चाचणी काही मिनिटांची आहे आणि तिच्यामुळे संपूर्ण हंगामाचा औषधखर्च चुकीच्या दिशेने जाणे टळू शकते.

इशारा: नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला ठेवून दोन दिवसांनी नेऊ नये. त्यावर दुय्यम बुरशी वाढते आणि तपासणाऱ्याला मूळ कारण शोधणे कठीण होते.

तपासणी: ठिपका कोनाकृती आहे का, उंच आहे का, उजेडात कड पाणीदार दिसते का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील तरच पुढील टप्प्यांकडे जावे. एखादे उत्तर ‘नाही’ असेल तर आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावे.

टप्पा २ : बागेचा नकाशा आणि रोगाचा साठा मोजणे

कागदावर ओळी आणि झाडे काढून रोगट झाडांवर खूण करावी. हा नकाशा पाहिल्यावर रोग कोठून येतो हे बहुतेक वेळा स्पष्ट होते. कोकणात नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याच्या बाजूची पहिली ओळ रोगट असेल तर वाऱ्याची अडचण आहे. नव्या लागवडीत कोठेही विखुरलेली चार-सहा झाडे रोगट असतील तर रोग कलमांबरोबर आला असण्याची शक्यता अधिक असते. काजूवरही हा जिवाणू रोग करू शकतो, म्हणून आंबा आणि काजू एकत्र असलेल्या बागेत काजूच्या पानांची पाहणी सोडू नये.

नकाशासोबत जमिनीकडेही पाहावे. पाणी साचणारी जागा, एकमेकांत घुसलेल्या फांद्या, फवारणीचा झोत आत जाऊ न देणारी दाट झाडे आणि स्प्रिंकलरने पाने भिजणारी झाडे यांची वेगळी नोंद करावी. येथे औषधापेक्षा मशागत जास्त काम करते.

टप्पा ३ : कोरड्या हवेत छाटणी आणि स्वच्छता

हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि सर्वाधिक चुका येथेच होतात. रोगट फांद्यांची छाटणी पावसाळा संपून किमान काही दिवस सलग कोरडे गेल्यावर, तसेच फळ काढणीनंतर पाऊस सुरू होण्यापूर्वी जेवढा कोरडा वेळ मिळेल त्यात करावी. ओल्या झाडावर कात्री चालवणे म्हणजे रोग एका फांदीवरून दुसरीकडे स्वतःच्या हाताने नेणे होय.

क्रम असा ठेवावा.

१. आधी निरोगी झाडांची छाटणी, मग थोड्या रोगाच्या झाडांची आणि शेवटी जास्त रोगाच्या झाडांची. हा क्रम उलटा केला तर निर्जंतुकीकरण कितीही केले तरी धोका राहतो.

२. कात्री, करवत आणि सिकेटर प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावे. घरगुती ब्लीच, ज्यात साधारण ४ ते ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असते, त्याचा एक भाग आणि चार भाग पाणी असे मिश्रण करून अवजार त्यात किमान एक मिनिट बुडवावे. अवजारावर माती, डिंक किंवा सालीचे तुकडे चिकटलेले असतील तर आधी ब्रशने काढावेत, कारण घाणीवर ब्लीच काम करत नाही. ७० टक्के स्पिरिटही चालते. दोन अवजारे आळीपाळीने वापरली तर काम थांबत नाही.

३. रोगट चट्ट्याच्या खाली १५ ते २० सें.मी. निरोगी भाग घेऊन फांदी कापावी. काप घेतल्यावर आतील लाकूड पाहावे. तपकिरी रेषा दिसल्यास आणखी खाली जावे.

४. मोठ्या कापांवर त्याच दिवशी १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी. ती १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो चुना १० लिटर पाण्यात, पुढे सांगितलेल्या पद्धतीने करावी.

५. कापलेल्या फांद्या आणि गळलेली रोगट पाने झाडाखाली किंवा बांधावर ढीग करून ठेवू नयेत. परवानगी असलेल्या ठिकाणी जाळाव्यात किंवा बागेबाहेर खोल खड्ड्यात पुराव्यात.

अवजारे दिवसअखेर स्वच्छ पाण्याने धुऊन, पुसून तेल लावावे, अन्यथा ब्लीचमुळे ती गंजतात. ब्लीच कोणत्याही आम्लाबरोबर मिसळू नये. त्यातून विषारी वायू तयार होतो.

मध्यभाग मोकळा करणारी छाटणीही याच वेळी करून घ्यावी. झाडाच्या आत ऊन आणि वारा खेळता राहिला तर पाऊस थांबल्यावर पाने लवकर सुकतात, आणि जिवाणूला ओलावा जितका वेळ मिळेल तितकेच त्याचे काम चालते. मात्र एकाच वर्षात फार छाटू नये. जोमदार छाटणीने एकदम भरपूर कोवळी पालवी येते आणि ती पावसाळ्यात सापडली तर तिच्यावर पुन्हा रोग येतो. नत्राचा जास्त डोस उशिरा दिला तरी असेच होते. म्हणून छाटलेल्या झाडांना खते माती परीक्षणानुसार, वेळेवर आणि विभागून द्यावीत.

तपासणी: छाटणीनंतर झाडाखाली उभे राहून वर पाहावे. चट्टा पडलेली एकही फांदी शिल्लक दिसू नये. राहिली असेल तर लगेच काढावी, कारण पावसात तिच्यातून जिवाणू पुन्हा बाहेर पडतो.

टप्पा ४ : वाऱ्याला अडथळा

वाऱ्याने पाने फांद्यांवर घासतात तेव्हा जखमा होतात, आणि पावसाचे थेंब वाऱ्यामुळेच लांब जातात. वाऱ्याचा वेग कमी करणारी ओळ हा या रोगावरील टिकाऊ उपाय आहे, तरी बागायतदार त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष करतात. किनाऱ्यालगत सुरू, आतल्या भागात बांबू किंवा सिल्व्हर ओक यांसारखी झाडे बागेच्या वाऱ्याच्या बाजूला लावावीत. ओळ पूर्णपणे बंद नसावी. हवा थोडी पार जाऊ देणारी ओळ चांगली, कारण भिंतीसारख्या घट्ट ओळीच्या पलीकडे वारा भोवऱ्यासारखा फिरतो. पहिल्या आंब्याच्या ओळीपासून पुरेसे अंतर सोडावे, अन्यथा सावली पडते आणि मुळांची स्पर्धा होते. सिंचनासाठी पाने भिजवणारा स्प्रिंकलर न वापरता ठिबक किंवा आळ्यात पाणी द्यावे.

टप्पा ५ : बोर्डो मिश्रण नीट तयार करणे

जिवाणूवर तांबे काम करते, पण ते फक्त संरक्षक आहे. पानात शिरलेल्या जिवाणूला ते मारत नाही. पानावर आधीपासून थर असेल तर नव्याने येणारा जिवाणू तेथे टिकत नाही. ठिपके मोठे झाल्यावर फवारणी करून “औषध काम करत नाही” असे म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

१ टक्का बोर्डो मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो ताजा कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. तयार करण्याची पद्धत अशी.

पहिल्या प्लॅस्टिकच्या पिंपात ५० लिटर पाणी घ्यावे. मोरचुदाचे खडे बारीक करून कापडाच्या पुरचुंडीत बांधावेत आणि ती पुरचुंडी पाण्याच्या पृष्ठभागाला लागेल अशी रात्रभर टांगून ठेवावी. खडे तळाशी टाकले तर ते तसेच राहतात आणि मिश्रणात तांबे कमी पडते. दुसऱ्या पिंपात चुना थोड्या पाण्यात फोडावा. चुना फुटताना मिश्रण उकळते, म्हणून डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे असावेत. चुना पूर्ण फुटून थंड झाल्यावर पाणी घालून एकूण ५० लिटर करावे आणि कापडाने किंवा बारीक चाळणीने गाळून घ्यावे. दोन्ही द्रावणे थंड असताना एकाच वेळी, बारीक धारेने तिसऱ्या पिंपात ओतत राहावीत आणि लाकडी काठीने सतत ढवळत राहावे. रंग आकाशी निळा यावा.

यानंतर चाचणी घ्यावी. घासून चमकवलेला लोखंडी खिळा किंवा विळ्याचे पाते मिश्रणात एक मिनिट बुडवावे. त्यावर तांबूस थर आला तर मिश्रणात मोकळे तांबे आहे आणि अशा मिश्रणाने कोवळी पाने भाजतात. थर येईनासा होईपर्यंत थोडी-थोडी चुन्याची निवळी घालावी. निळा लिटमस कागद तांबडा झाला तरी तोच अर्थ होतो.

मिश्रण त्याच दिवशी वापरावे, उरल्यास दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये. लोखंडी किंवा जस्ताच्या भांड्यात ते करू नये, आणि त्यात दुसरे कोणतेही कीटकनाशक मिसळू नये, कारण त्यातील चुन्यामुळे अनेक औषधे निकामी होतात. फवारणीनंतर पंप व नळ्या स्वच्छ धुवाव्यात. बोर्डोसाठी वेळ नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के पाण्यात मिसळणारी भुकटी, प्रति लिटर ३ ग्रॅम, वापरता येते. खरेदी करताना आंब्यासाठी तिच्या लेबलवर शिफारस आहे का, हे पाहूनच घ्यावे.

टप्पा ६ : फवारणीची वेळ

पहिली फवारणी फळ काढणी संपल्यावर, छाटणी आणि स्वच्छतेनंतर, पावसाची पहिली सर येण्यापूर्वी करावी. थर कोरडा होण्यासाठी फवारणीनंतर काही तास ऊन मिळाले पाहिजे. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा नव्या पालवीचे संरक्षण करण्यासाठी साधारण १५ ते २० दिवसांच्या अंतराने पुनःफवारणी करावी. जोरदार पावसाने थर धुऊन गेला असेल तर दिवस मोजण्याची वाट पाहू नये. चिकटणारा पदार्थ वापरला तर थर थोडा अधिक टिकतो. पान दोन्ही बाजूंनी भिजले पाहिजे, कारण पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला अधिक असतात. बहुतेक मजूर वरूनच फवारतात.

कोकणातील हापूस मुख्यतः पाऊस सुरू होण्यापूर्वी उतरवला जात असल्याने फळावर रोग प्रामुख्याने अवकाळी पाऊस, गारपीट किंवा उशिरा निघणारे फळ असल्यास दिसतो. मराठवाड्यातील केशरच्या बागांत मात्र वळवाच्या पावसाची आणि गारांची गाठ फळाच्या अखेरच्या महिन्याशीच पडते, आणि या काळात फळ रोगाला विशेष बळी पडते. म्हणून हवामानाचा अंदाज पाहून, गारपीट किंवा वादळी पावसापूर्वी संरक्षक फवारणीचा विचार करावा. गारपीट झालेल्या झाडांच्या तुटलेल्या फांद्या झाड सुकल्यावरच छाटाव्यात.

इशारा: मोहोर पूर्ण फुललेला असताना तांबे फवारू नये, परागीकरण करणाऱ्या कीटकांना आणि फळधारणेला त्याने बाधा पोहोचते. काढणी जवळ आली असताना लेबलवर दिलेला प्रतीक्षा काळ, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांमधील दिवस, पाळावा. फळावर निळा डाग राहिला तर बाजारात भाव पडतो आणि अवशेषांचा प्रश्न येतो, तो वेगळाच.

प्रतिजैविकांबद्दल

स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन यांचे मिश्रण असलेली पावडर, जी अनेक दुकानांत एका सुपरिचित नावाने ओळखली जाते, ती ‘जिवाणूचे औषध’ म्हणून सर्रास सांगितली जाते. येथे थांबून विचार करावा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ही दोन्ही प्रतिजैविके शेतीतून टप्प्याटप्प्याने बंद करण्यासाठी मसुदा आदेश काढला होता. सध्या काय वापरता येते, हे तालुका कृषी अधिकाऱ्याकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून लेखी विचारून घ्यावे. वापरास परवानगी असली तरी वारंवार मारल्याने प्रतिकारक्षम जिवाणू तयार होतात, आणि हीच प्रतिजैविके माणसांच्या उपचारांतही लागतात. इतर पिकांतील झँथोमोनास जिवाणूंमध्ये तांब्याला दाद न देणारे प्रकारही आढळले आहेत. याचा अर्थ असा की स्वच्छता, वारारोधक ओळ आणि निरोगी कलम यांशिवाय कोणतीही फवारणी वर्षानुवर्षे टिकणार नाही.

टप्पा ७ : कलमे आणि रोपवाटिका

नवी लागवड करताना रोपवाटिकेत जाऊन प्रत्येक कलमाची पाने तपासावीत. दोन कलमांवर कोनाकृती ठिपके दिसले तरी त्या गटातील कोणतेच कलम घेऊ नये; जवळजवळ ठेवलेल्या पिशव्यांत झारीने वरून पाणी घातले की जिवाणू शेजारच्या रोपावर उडतो. कलमासाठीची काडी स्वतः काढत असाल तर मातृवृक्ष आधीच्या पावसाळ्यात तपासलेला असावा. काडी काढण्यापूर्वी आठ-दहा दिवस पाने काढण्याची पद्धत रूढ आहे, आणि या कामातही वरचेच निर्जंतुकीकरण पाळावे. काडी औषधात बुडवून रोगमुक्त होते हा समज चुकीचा आहे. बुडवल्याने वरचे जिवाणू कमी होतात, आतले नाही. आणलेली कलमे बागेत लगेच न लावता वेगळ्या जागी, किमान एक पालवी येऊन ती पक्व होईपर्यंत ठेवावीत आणि त्या पालवीवर ठिपके नाहीत याची खात्री करावी.

टप्पा ८ : जातींची निवड आणि बागेतील तुलना

या रोगाला पूर्ण दाद न देणारी आंब्याची व्यापारी जात नाही. जातीजातींत फरक मात्र मोठा आहे. दक्षिण आफ्रिकेसारख्या देशांत कीट आणि केंट या जाती रोगाला फार बळी पडतात, तर सेन्सेशन, हायडी आणि टॉमी अ‍ॅटकिन्स या तुलनेने तग धरतात, असे दिसून आले आहे. भारतात लंगडा, दशहरी, आम्रपाली, मल्लिका आणि तोतापुरी या जाती संवेदनशील गणल्या जातात, तर बॉम्बे ग्रीन ही जात प्रतिकारक म्हणून नोंदली गेली आहे. आम्रपाली आणि मल्लिका या दोन्ही दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेल्या आहेत, आणि त्यांच्या उदाहरणावरून एक गैरसमज दूर व्हावा: संकरित जात नियमित फळते किंवा बुटकी राहते, याचा अर्थ ती रोगप्रतिकारक असते असा होत नाही. संकराचा उद्देश वेगळा होता, आणि रोगाची चाचणी वेगळीच करावी लागते.

हापूस, केशर किंवा पायरी या जातींना प्रतिकारक समजून मोकळ्या, वाऱ्याच्या जागेत लागवड करू नये. खुंटरोपाची, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या रोपाची, जात बदलून वरच्या फांद्यांवरील रोग थांबेल अशीही अपेक्षा ठेवू नये, कारण ठिपके पडतात ते काडीच्या जातीच्या पानांवर.

जातींची तुलना बागेतच करता येते, पण ती चुकीच्या पद्धतीने केली तर दिशाभूल होते. पश्चिमेच्या ओळीतील एक जात आणि मध्यातील दुसरी जात यांची तुलना करून निष्कर्ष काढणे ही सर्वांत मोठी चूक आहे. तेथे जातीपेक्षा जागेचाच फरक मोजला जातो. योग्य पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

१. वय, छाटणी आणि जागा सारखी असलेली प्रत्येक जातीची किमान पाच झाडे निवडावीत. शक्य तर ती एकाच ओळीत आळीपाळीने असावीत.

२. पावसाळ्यातील पालवी पक्व झाल्यावर चार दिशांकडून आणि मध्यभागातून प्रत्येकी दहा, अशी प्रत्येक झाडाची एकूण ५० पाने पाहावीत. पाने निवडताना रोगट पाने शोधू नयेत. हात जाईल तेथील पान घ्यावे.

३. प्रत्येक पानाला गुण द्यावा. ठिपका नाही तर ०, एक ते पाच ठिपके तर १, सहा ते पंधरा तर २, पंधरापेक्षा जास्त किंवा एकमेकांत मिसळलेले ठिपके तर ३, आणि पान पिवळे पडलेले किंवा जवळच्या फांदीवर चट्टा असेल तर ४. गुणांची बेरीज ५० ने भागली की त्या झाडाचा सरासरी गुण मिळतो. ही श्रेणी बागेतील आपसातील तुलनेसाठी आहे; तिचा आकडा दुसऱ्या बागेच्या आकड्याशी जुळवू नये.

४. फळांची नोंद वेगळी ठेवावी. पानांवर तग धरणारी जात फळांवरही तग धरेल असे नेहमी होत नाही, आणि शेतकऱ्याचे नुकसान शेवटी फळावरून ठरते.

५. किमान दोन पावसाळ्यांची नोंद झाल्याशिवाय जात बदलण्याचा निर्णय घेऊ नये. एक वर्ष कमी पावसाचे असेल तर सगळ्याच जाती निरोगी दिसतात.

जुन्या झाडांवर दुसऱ्या जातीचे शेंडे कलम करायचे ठरले, तर मूळ जातीच्या सर्व रोगट फांद्या काढल्यावर, कोरड्या हवेतच ते काम करावे. मूळ जातीची एखादी मोठी फांदी ‘फळासाठी’ ठेवली तर तिच्यावरून येणारे पाणी नव्या कोवळ्या पालवीवर पडते आणि नव्या जातीलाही लागण होते. शेंडे कलम करताना होणाऱ्या प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट लावावी, आणि नवी पालवी पावसाळ्यापूर्वी पक्व होईल अशा बेताने दिवस निवडावा.

नोंदवहीत छाटणीची तारीख, फवारणीच्या तारखा, त्यानंतर पडलेल्या पावसाचे दिवस आणि पावसाळ्यानंतरचा सरासरी गुण, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक ओळीपुढे लिहाव्यात. दुसऱ्या वर्षी गुण वाढला असेल तर आधी छाटणीनंतर राहिलेले चट्टे आणि वाऱ्याच्या बाजूची ओळ तपासावी, औषधाचे नाव त्यानंतर बदलावे.